गिनती जुळेपर्यंत

“पळाला म्हणजे पळाला! अजून कसं सांगू? पायाला पाय लावून पळाला!”

भडक्या ओरडला आणि ओरडून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याची ही सवय सगळ्या बिल्डिंगला माहीत होती. त्याला भडक्या नाव काही उगाच पडलं नव्हतं.

तात्यांच्या हातातला खडू थांबला. ते फळ्यापासून हळूहळू वळले, अख्खं अंग वळवून, कारण मान वळायची बंद होऊन दोन वर्षं झाली होती.

“कधी?”

“सहा वर्षं झाली!”

“वेळ विचारली मी. वर्ष नाही.”

“तात्या, सोडा ना. चुकून बोललो.”

“किती वाजता?”

तात्या म्हणजे त्याचे आजोबा. एकतीस वर्षं जेलात पहारा केलेला माणूस. नोकरी सुटून बारा वर्षं झाली होती, पण गेली दोन-अडीच वर्षं त्यांच्या डोक्यात ती परत चालू झाली होती. जेवलो का नाही ते आठवायचं नाही, सुनेला कधीकधी ‘मास्तरीणबाई’ म्हणायचे, पण सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, गिनती चुकायची नाही. पायजम्यावर जेलचा जुना पट्टा चढवायचे, स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या फळ्यापुढे उभे राहायचे आणि घरातली माणसं मोजायचे. एकूण पाच. पहारेकरी स्वतःला मोजत नाही, म्हणून पाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ या घरात रोज दोनदा बघायला मिळायचा.

आता पाच कुठून आणायचे? आजी जाऊन चार वर्षं झालेली. बाबा सहा वर्षांपूर्वी एका सकाळी घरातून गेले ते गेलेच. ताई लांब होस्टेलवर. आई सकाळी सहाच्या ठोक्याला दवाखान्याच्या लाँड्रीत, चादरी धुवायला. सकाळच्या गिनतीला उरला एक भडक्या. सुरुवातीला रोज रडारड व्हायची. पाचाचा एक झाला की तात्या दार अडवून बसायचे, कुणाला हलू द्यायचे नाहीत. मग आईनेच तोड काढली. जेलच्या फळ्यावर नुसते हजर लोक नसतात, बाहेर गेलेलेसुद्धा असतात, त्यांचे रकाने असतात. मग आजी दवाखान्यात. बाबा कोर्टात, तारखेला. ताईची दुसऱ्या जेलात बदली. आई बाहेर कामाच्या टोळीत. भडक्या हजर. झाले पाच. तात्या खडूने टोटल मारायचे, “जुळली” म्हणायचे आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा.

“खोटं नाही बोलायचं,” आई म्हणायची, “फक्त रकाना बदलायचा.”

चौदा महिने भडक्याने रोज दोनदा रकाने सांगितले होते. शाळा नववीतच सुटलेली, म्हणजे पोरगं रिकामंच आहे, मग बसव म्हाताऱ्यापाशी. कुणी तसं ठरवलं नव्हतं. ते आपोआप झालं, जसं भिंतीला ओल येते तसं. तात्या मध्येच उठून रस्त्याला लागायचे म्हणून दाराबाहेर लोखंडी जाळीचं सरकतं दार बसवलं होतं, त्याला मुठीएवढं कुलूप. एक किल्ली आईकडे, एक भडक्याच्या गळ्यात सुतळीला. ताई दोन महिन्यांतून एकदा यायची, तिला तिसरी करून द्यायला आई तयार नव्हती. जितक्या किल्ल्या जास्त, तितकी दारं उघडी राहतात म्हणायची.

पण आजचा दिवस वेगळा होता. आज नऊ वाजता लिफ्टवाला मिस्त्री खाली गाडी घेऊन येणार होता.

समोरच्या बिल्डिंगमध्ये मागे लिफ्ट अडकली होती, आत एक बाई. मिस्त्री यायला पाऊण तास लागला आणि तोवर भडक्या तिसऱ्या मजल्यावर बंद दाराला तोंड लावून तिच्याशी बोलत बसला होता. तुमच्या पिशवीत काय आहे, मोजा बरं, पुन्हा मोजा, मोठ्याने सांगा. बाई बाहेर आली तेव्हा हसत होती. मिस्त्रीने दाढी खाजवली आणि विचारलं, “कुठे शिकलास रे हे?” भडक्या म्हणाला, “घरी.” मिस्त्रीच्या हाताखालचा आधीचा पोरगा लग्न करून जाड झाला होता, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात मावेना. दुसऱ्या गावात एका नव्या दवाखान्याच्या अकरा लिफ्ट बसवायच्या होत्या. तीन महिने तिथेच राहायचं, काम शिकायचं, जमलं तर पुढे कायम. “नऊ म्हणजे नऊ,” मिस्त्री म्हणाला होता. “नऊ वाजून एक मिनिटाला मी तुला ओळखत नाही.”

आईने बरेच दिवस हो-नाही केलं आणि एक दिवस चादरीची घडी घालता घालता म्हणाली, “जा. बाई ठरवलीय मी तात्यांसाठी. पहिल्या दिवशी ताई येईल साडेआठला, बाई बाराला येईल.”

तर सकाळपासून भडक्याचं डोकं थाऱ्यावर नव्हतं. बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली. आंघोळीला जाताना गळ्यातली सुतळी खिळ्याला अडकवली आणि तशीच विसरला. बाहेर येऊन बघतो तर किल्ली तात्यांच्या पट्ट्याला. ते फळ्यापुढे उभे, छाती काढून.

त्याने म्हटलं, ठीक आहे, गिनती उरकू, मग गोड बोलून घेऊ. आजी दवाखान्यात. बाबा कोर्टात. पण तात्यांची नजर त्याच्या बॅगेवर गेली.

“हे काय?”

“जातोय तात्या मी. कामाला. सांगितलं होतं काल.”

“बापाला विचारलंस?”

“नाही.”

“मग कसा जातोस? संध्याकाळी येईल कोर्टातून, त्याला विचार. बाप असताना पोरं अशी उठून जात नाहीत.”

बाप असताना! तिथे त्याचं टाळकं फिरलं. तिथे तो ओरडला, पळाला म्हणून. आणि त्या फळ्यावर सगळ्यासाठी रकाना होता, फक्त पळालेल्यासाठी नव्हता. पळाला म्हणजे काय, ते जेलवाल्याला सांगावं लागत नाही. सगळी फाटकं बंद, आतला आत, बाहेरचा बाहेर, गिनती जुळेपर्यंत माशीसुद्धा हलायची नाही.

तात्यांनी जाऊन जाळीचं दार ओढलं, कुलूप घातलं, दोनदा हिसका देऊन बघितलं. मग आतून खुर्ची आणली, दारात ठेवली आणि बसले. पाय सुजलेले, श्वास लागलेला. पण पाठ ताठ.

सव्वासात झाले होते.

“तात्या, मी खोटं बोललो. बाबा कोर्टात आहेत.”

“जबाब बदलता येत नाही.”

“मी मस्करी केली.”

“गिनतीत मस्करी करणाऱ्याला मी आठ दिवस वेगळं कोंडायचो.”

“इथे वेगळं कोंडायला खोली तरी आहे का? दोन तर खोल्या आहेत!”

“मोरी आहे,” तात्या शांतपणे म्हणाले.

भडक्याने आईला फोन लावला. लाँड्रीतल्या मुकादमाने उचलला. मागे मशिनांचा घरघराट. “मशीन चालू आहे, सोडून येता येणार नाही. कुणी मेलंय का?” “नाही.” “मग दोनला सुटेल तेव्हा बोल.” ठेवला.

तो खिडकीपाशी गेला. खिडकीला गज, तेही तात्यांसाठीच बसवलेले. परत आला. किल्ली पट्ट्याला लोंबत होती, हातभर अंतरावर. म्हातारा सत्तेचाळीस किलोचा. फुंकर मारली तर उडेल. पण मागच्या वर्षी आईने असाच किल्लीला हात घातला होता, तात्यांनी पट्टा सोडला नाही, दोघं ओढाताणीत पडले आणि तात्यांचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत तात्या डाव्या हाताने टोटल मारायचे आणि आई त्यांच्याकडे बघायची नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशातली गत.

साडेआठला जिन्यावर पावलं वाजली. ताई. वर येऊन उभी राहिली, जाळीतून आत बघितलं. खुर्ची, पट्टा, किल्ली, भावाचं तोंड. तिला कळायला फार वेळ लागला नाही.

“काय बोललास?”

“काही नाही.”

“भडक्या, काय बोललास?”

“बाबा पळाले म्हणालो.”

ताईने कपाळाला हात लावला. “सोपं होतं रे. पाच शब्द होते. चौदा महिने बोललास ते आज एक दिवस बोलवेना तुला?”

“तू बोल ना रोज! मग कळेल!”

“हळू,” तात्या म्हणाले. “फाटकावर गोंधळ नको. बाई, तुम्ही मागे व्हा. भेटीची वेळ दहानंतर.”

“तात्या, मी आहे. ताई.”

“ताईची बदली झालीय,” तात्या म्हणाले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

ताईला हसू आलं. भडक्यालाही येणार होतं, पण त्याची नजर तिच्या पायापाशी गेली. मोठी बॅग. शेजारी दोरीने बांधलेली गादीची वळकटी. पुस्तकांचा गठ्ठा. एका सकाळसाठी कुणी गादी आणत नाही.

“हे काय आहे?”

“काय काय आहे?”

“गादी कशाला आणलीस?”

ताई खाली बघायला लागली. ती चांगली चार वर्षं होस्टेलवर होती, नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. घरात सगळ्यात आधी बाहेर पडलेलं माणूस ती. भडक्याला त्याचा राग होता. असा राग, की ती आली की तो तिच्याशी पहिला अर्धा तास बोलायचा नाही.

“बाई बाराला येणार आहे ना?” त्याने विचारलं.

“नाही येणार.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाई नाहीच. आईने बघितल्या दोन जणी. एक म्हणाली, किल्ली माझ्याकडे द्या, मी खालून बाजार करून येईन मध्ये मध्ये. दुसरीला तात्यांनी झडती घेतो म्हणून उभं केलं, ती पळाली.” ताई थांबली. “सॉरी. गेली.”

“आणि तू मला आता सांगतेस?”

“तुला आधी सांगितलं असतं तर तू गेला असतास?”

“नसतो गेलो! हेच तर! मग तुझं कॉलेज?”

“आहे तिथेच आहे. एक वर्ष थांबेल.”

“एक वर्ष म्हणतात आणि जन्म जातो. मला विचार. मला आई म्हणाली होती, दोन महिने.”

“म्हणूनच,” ताई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. आठ तासांची ड्यूटी करून रात्रभर बस धरून आली होती, चढवायला आवाज शिल्लक नसावा. “चौदा महिने तू केलंस, मी तिकडे फोनवर ‘कसे आहेत तात्या’ विचारत होते. आता माझी पाळी. तू भांडू नकोस रे. भांडत राहिलास तर माझं मन बदलेल आणि मग दोघं इथे बसू.”

त्याला काहीतरी लाथाडायचं होतं, जवळ बॅग होती, ती लाथाडली. आतला डबा वाजला.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. आठ सत्तेचाळीस. मिस्त्री लवकर आला होता. हॉर्न एकदा, मग दोनदा, मग खालून आवाज, “ए लिफ्टमन! उतरतोस का वर दोरी टाकू?”

“आलो!” भडक्या खिडकीतून ओरडला, आणि गजांतून ओरडताना आपलं तोंड खालून कसं दिसत असेल ते त्याच्या मनात आलं.

तो परत येऊन तात्यांच्या खुर्चीपुढे खाली फरशीवर बसला. ओरडून काही होणार नव्हतं. लिफ्टमधल्या बाईशी बोलला होता तसं बोलावं, एवढंच त्याला सुचलं.

“तात्या, एकतीस वर्षांत किती पळाले तुमच्या पाळीत?”

“एक,” तात्या म्हणाले. लगेच. जणू कुणीतरी विचारायचीच वाट बघत होते.

“भिंतीवरून?”

“छे. भिंतीवरून नवशिके जातात. दारातून गेला.”

“दार कुणी उघडलं?”

पट्ट्यावरचा अंगठा वरखाली होत राहिला.

“सकाळची वेळ,” ते म्हणाले. “उजाडायचं होतं. सगळे झोपलेले. मी जागा. मला झोप कुठे येते, पहाऱ्याची सवय. तो आला हातात बॅग घेऊन. निळा स्वेटर. कोपराला ठिगळ.”

ताईचा हात जाळीवर थांबला. ते ठिगळ आजीने लावलेलं. हिरव्या लोकरीचं, कारण निळी संपली होती. बाबा त्यावरून आजीला चिडवायचे.

“मग?” भडक्याने विचारलं.

“म्हणाला, कडी वर अडकलीय, जरा काढून द्या. कडी नेहमीच अडकायची. मी काढून दिली. मी विचारायला हवं होतं, कुठे. एकतीस वर्षं प्रत्येकाला विचारलं. कुठे, कशाला, परत कधी, कागद दाखव. त्याला नाही विचारलं.” तात्यांनी नाक ओढलं. “म्हटलं, पोरगा दमलाय. जाऊ दे.”

सहा वर्षं आई म्हणत होती, कुणालाच कळलं नाही, सगळे झोपले होते. सहा वर्षं भडक्या समजत होता, की त्यालाच जाग आली नाही, कारण दाराजवळ तोच झोपायचा.

“मग शोधायला कोण गेलं?”

“कुणी नाही.”

“असं कसं? माणूस पळाला तर टोळी निघते ना शोधायला?”

“निघायला पाहिजे,” तात्या म्हणाले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. कुठेतरी काम राहून गेल्याची आठी. “निघालीच नाही. मी वर्दीच दिली नाही.”

“मग आता द्या. मी जातो.”

हे तो किल्लीसाठी बोलला. अगदी खरं सांगायचं तर किल्लीसाठीच. पण बोलून झाल्यावर ते त्याला खरंच वाटायला लागलं आणि त्याला स्वतःचाच संताप आला.

तात्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “एकटा?”

“खाली गाडी आहे. ड्रायव्हर आहे. शिव्या देणारा आहे, पण गाडी चांगली आहे.”

खालून लगेच हॉर्न वाजला, साक्ष द्यायला आल्यासारखा.

“इथे पहाऱ्याला कोण?”

“मी,” ताई बाहेरून म्हणाली. “बदली आलेय. नवीन शिपाई.”

“सामान आणलंस?”

“हो. गादीपण आणलीय.”

“सामान आणलंय, म्हणजे राहणार,” तात्या म्हणाले आणि उठले. उठायला त्यांना दोन वेळा प्रयत्न करावा लागला. भडक्याने हात दिला, त्यांनी तो घेतला. खूप दिवसांनी घेतला. किल्ली पट्ट्यावरून निघेना, सुतळीची गाठ बसली होती. आठ छप्पन. भडक्याने ओठ चावला, हात मागे बांधले, गाठीला हात लावला नाही. तात्यांची नखं गाठीवरून घसरत राहिली. मग निघाली.

कुलूप उघडलं. जाळी सरकली. ताई आत आली, तो बाहेर गेला. दारात दोघांचे खांदे घासले. तिच्या अंगाला बसचा आणि औषधाचा वास येत होता.

“फोन कर,” ती म्हणाली.

“तू पुस्तकं उघड. तात्या दुपारी दोन ते चार झोपतात. दोन ते चार तुझे. बाकी काही तुझं नाही. मोरीची कडी बाहेरून लाव. आणि डाळ पातळ—”

“जा रे बाबा. कळतं मला.”

“गिनतीला काय सांगशील माझं?”

“बघू.”

तात्यांनी जाळी ओढली. कुलूप घातलं, दोनदा हिसका दिला. मग बोटं जाळीत अडकवून पुढे वाकले, तोंड अगदी जवळ आणलं.

“सापडो न सापडो, सहाच्या गिनतीला हजर.”

“हो,” भडक्या म्हणाला.

ताई तात्यांच्या मागे उभी होती, तिने तोंड फिरवलं.

तो चार पायऱ्या उतरला. खालून मिस्त्री ओरडला, “दोन मिनिटं राहिली रे! मग मी तुला ओळखत नाही!”

“अरे थांब,” तात्यांनी वरून हाक मारली. आवाज वेगळा होता. पहाऱ्याचा नव्हता, घरातला होता. “आधी कुठे बघशील?”

भडक्या वळला. तात्या जाळीपलीकडे उभे होते, उत्तराची वाट बघत. कुठे बघायचं, हे त्यांना खरंच हवं होतं. सहा वर्षांत घरात कुणी कुणाला हे विचारलं नव्हतं. हॉर्न वाजायला लागला, थांबेचना.

“तात्या,” तो म्हणाला, “मला निघायला हवं आता.”